हौदापासून लिंबापर्यंत

(चौदा ऑगस्टची दुपार. इंदापूर तालुक्यातलं एक गाव. लोणी देवकरच्या कारखान्याची गाडी माणसं न्यायला येते, एवढीच त्याची बाहेर ओळख. इस्माईलचाचांचं घर आणि गौहरचाचींचं किराणा दुकान यांना मिळून एकच ओटा. उद्या गावाची पंचाहत्तरावी प्रभातफेरी. दमट हवेनं सैल पडलेला ढोल चाचा आवळताहेत, चाची रवा चाळताहेत. शाळेत खिचडी शिजवणारी नकोशी शिऱ्याचं सामान न्यायला म्हणून आली, ती अर्धा तास पायरीवरच बसली आहे.)

नकोशी : मी काय जगावेगळं मागत न्हाय, चाचा. तीन अक्षरांच्या जागी तीन अक्षरं. नकोशी म्हणायचं तितं म्हाळसा म्हणायचं. झालं.

इस्माईल : तसं सोपंच हाय गं. पर पन्नास वर्षं ज्या जिभेनं तुला एका नावानं हाक मारली, तिला उद्या सकाळी सात वाजता, समद्या गावापुढं, दुसरं नाव घ्यायला लावायचं म्हंजी... घसरली तर?

गौहर : घसरायला काय झालंय तिला! लग्नानंतर दोन वर्षं माझंच नाव घेतलं न्हवतं या जिभेनं. 'अगं ए'वर संसार चालला व्हता. लावलं की लागतं वळण.

इस्माईल : तू रवा चाळ.

गौहर : चाळतेच हाय. कान काय चाळणीत न्हाय घातले.

नकोशी : चाची, तुमीच सांगा. म्हाळसा हे काय खोटं नाव हाय का? सुप्याला सासरी गेले तवा नवऱ्यानं तांदळात अंगठीनं लिवलेलं. सहा वर्षं त्या घरात मी म्हाळसाच व्हते. तो गेला, मी पोरीला घेऊन परत हितं आले. नाव तेवढं एसटीत ऱ्हायलं.

गौहर : खोटं कोण म्हणतंय, पोरी.

नकोशी : स्वप्नालीबाईंना बी मी तेच सांगितलंय. जूनमधी शाळेवर नव्या आल्या ना त्या पिंपळीहून, त्यांना काय ठाव. "मावशी, तुमचं नाव काय लिहू?" म्हणाल्या. मी म्हणलं, म्हाळसा लिवा. त्यांनी लिवलं. कागद तयार हाय. आता पुकारा तुमी करणार, म्हणून तुमच्या पाया पडायला आले.

इस्माईल : माईकवर बाईच बोलतील की.

नकोशी : माईक भाषणाला. शाळेच्या फाटकात झेंडा धरणाऱ्याचं नाव पुकारायचं, ढोलावर तीन टिपऱ्या हाणायच्या आन् मग पयलं पाऊल टाकायचं, हे कुणाचं काम हाय? तुमचंच ना? तुमच्या वडलांपासनं?

इस्माईल : आमचंच.

नकोशी : मग?

इस्माईल : अगं, पर तुझं नाव समद्या गावाला ठाव हाय.

नकोशी : न्हाय ठाव. तितंच तर समदं हाय, चाचा. बावीस वर्षं झाली शाळेत खिचडी शिजवती. जेवून गेलेल्या पोरांची पोरं आता ताटं घेऊन बसत्यात. त्या समद्यांना मी मावशी. तिशीच्या आतल्या एकाला इचारा माझं नाव, सांगता येणार न्हाय. आन् म्हातारी माणसं आता हाक मारायला ऱ्हायली किती? लई कष्टानं मिटवलंय मी ते नाव. पगाराच्या कागदावर बी 'एन. वाघमोडे' येवढंच येतं.

गौहर : मग झेंडा धरायला व्हय कशाला म्हणालीस?

नकोशी : मी कुठं म्हणले? बाईंनी सभेत उठून सांगितलं, पंचाहत्तरावी फेरी हाय, पुढारी नको, साहेब नको, ज्या बाईनं गावच्या समद्या लेकरांना जेवू घातलं तिच्या हातात झेंडा द्या. टाळ्या पडल्या. मी डाव धुवत व्हते मागं. मला वाटलं, कुणाला तरी बक्षीस मिळालं.

इस्माईल : बक्षीसच की हे.

नकोशी : ते बक्षीस नको झालंय आता. इंदापूरचं साहेब येणार, बारामतीला, पुण्याला गेलेली जुनी पोरं गाड्या घेऊन येणार. मोबाईल वर करून शूटिंग करणार. आन् तुमी पुकारणार, झेंड्याचा मान, नकोशी आबाजी वाघमोडे! एक तरी हसल्याशिवाय ऱ्हाईल का? देशाचा झेंडा, आन् धरणारीचं नाव काय, तर नकोशी!

गौहर : हसंल त्याच्या तोंडात रवा कोंबीन.

नकोशी : कितींच्या तोंडात कोंबाल, चाची? माझं ठरलंय. म्हाळसा म्हणणार असाल तर उद्या येते. न्हाय तर ताप आला म्हणून सांगते. शिरा करून ठेवीन पहाटं, झेंडा कुणी बी धरा.

इस्माईल : ताप-बीप काय आणू नगंस. बघू आपण.

नकोशी : बघू न्हाय. आज सांगायचं.

इस्माईल : बरं बाई, सांगतो. आदी हा ढोल आवळू दे. ऑगस्टात पान असं सैल पडतं की थाप मारली तर म्हैस हंबरल्यागत आवाज येतो.

नकोशी : आवळा. तवर बाईंचं दुसरं काम सांगते. त्या फेरीचा इतिहास लिवत्यात. पुस्तिका निघणार हाय, आज संध्याकाळी छापायला बारामतीला जाणार. त्यांनी इचारलंय, आपल्या फेरीत हौदापासून लिंबापर्यंत ढोल का थांबतो, घोषणा का थांबत्यात, पोरं ओठांवर बोट ठेवून का चालत्यात? हुतात्म्यांसाठी असं समदे म्हणत्यात, पर कवापासनं आन् कुणी सुरू केलं, ते चाचांना इचारून या म्हणाल्या.

इस्माईल : हं.

नकोशी : हं काय?

इस्माईल : त्याचं असं हाय, फेरी सुरू झाली एक्कावन्न साली. तवा शाळा चावडीत भरायची. एक मास्तर, सात पोरं. झेंडा मास्तरांनी इंदापूरहून सायकलवर आणलेला, टोपीत घडी करून. पावसात भिजू नये म्हणून स्वतः बोडक्यानं भिजत आले. तर झेंडा झाला, पर पोरं सात, आवाज निघंना. गावात ढोल एकच, आमच्या घरचा, पिराच्या उरुसाचा. मास्तर आमच्या बाबांकडं आले. म्हणाले, भाई, उद्याच्या दिवस ढोल द्या. बाबा म्हणाले, ढोल एकटा कुठं जात न्हाय, मी बी येतो. ते जे आले...

नकोशी : चाचा, बाईंनी हौदाचं इचारलंय. तुमी अजून चावडीतनं निघंना.

इस्माईल : इतिहास पायजे ना? इतिहास असा लांबनंच येतो. बहात्तरच्या दुष्काळात तर फेरीला पोरंच न्हवती. समदी आईबापांबरोबर खडीच्या कामावर. मास्तर म्हणाले, पोरं शाळेत न्हाईत तर शाळा पोरांकडं जाईल. आमी फेरी घेऊन गेलो तलावाच्या कामावर. बायामाणसं हातोडे खाली ठेवून उभी ऱ्हायली. तोंडं धुळीनं पांढरी. मी ढोल वाजवला, पर घोषणा द्यायला कुणाच्या घशात थुंकी न्हवती. मग मास्तरांनी...

गौहर : मग मास्तरांनी सुकडी वाटली आन् तुमी घरी आलात. हौदाचं सांगा.

इस्माईल : सांगतोय ना.

गौहर : न्हाय सांगत. त्रेपन्न वर्षं ओळखते तुमाला. नको ते सांगायचं असलं की एक्कावन्न सालापासनं सुरू करता.

नकोशी : असं काय हाय त्यात न सांगण्यासारखं? हुतात्म्यांसाठी थांबतात, चांगलंच हाय की. खरं सांगू का चाची, मला तर शाळेत असताना अख्ख्या फेरीत तेवढाच तुकडा आवडायचा.

गौहर : कुठला?

नकोशी : हौद ते लिंब. मी फेरीत निघाले की मागची पोरं सुरू व्हायची. घोषणा मास्तर सांगतील ती पुढं, आन् मागं माझ्या नावाची घोषणा. "नको गं नको, नकोशी नको!" ढोलाच्या तालावर. मास्तरांना ऐकू जायचं न्हाय, चाचांच्या ढोलात समदं बुडायचं. मी नाक पुसत चालायची. पर हौद आला की ढोल बंद. आन् ढोल बंद म्हंजी समद्यांची तोंडं बंद. त्यांना बी ओठांवर बोट ठेवायला लागायचं ना! आमच्या घरावरनंच जाते फेरी. चाळीस पावलं आसतील. चाळीस पावलं मला कुणी नकोशी म्हणायचं न्हाय. मी मुद्दाम बारकी बारकी पावलं टाकायची. मनात म्हणायची, हुतात्म्यांचं कल्याण होवो.

इस्माईल : या अल्ला.

नकोशी : काय झालं? चाचा, ढोलावर का डोकं टेकलंत? चक्कर आली का? चाची, पाणी द्या.

गौहर : पाण्यानं न्हाय जायची ती चक्कर. सांगताय का मी सांगू?

इस्माईल : गौहर.

गौहर : गौहर न्हाय आन् बिव्हर न्हाय. लेकरू पन्नाशीला आलं. एक नाव लपवायला आपल्या पायरीवर येऊन बसलंय. आता बी न्हाय सांगायचं तर काय कबरीत गेल्यावर सांगायचं? ऐक गं पोरी. तितं हुतात्मे-बितात्मे कुणी न्हवते. तितं तू झोपली व्हतीस.

नकोशी : मी?

गौहर : तू. आन् तुझी आई.

नकोशी : कायतरी काय बोलता, चाची.

गौहर : चौऱ्याहत्तर साल. मी लग्न होऊन आले त्याला दोन वर्षं झालेली. तुझ्या आईला कळा सुरू झाल्या तेरा तारखेला दुपारी. दाई म्हातारी, तिला हाताशी कुणीतरी पायजे म्हणून मला बोलावलं, कारण गावात तेव्हा शहाणी आन् रिकामी सून मी एकटी. दोन दिवस न् दोन रात्री ती बाई कण्हत व्हती. इंदापूरला न्यायचं तर बैलगाडी, आन् वढ्याला पाणी. शेवटी पंधराच्या पहाटं तू झालीस. निळी पडलेलीस. दाईनं उलटी धरून पाठीत चापट्या मारल्या तवा रडलीस. आईचं तर रगत थांबंना. कसंबसं थांबलं. आन् उजाडता उजाडता दोघींचा डोळा लागला. दाई मला म्हणाली, आता ही झोपली तर वाचंल, दचकून उठली तर माझ्या हातात काय न्हाय.

नकोशी : पंधरा? पंधरा ऑगस्ट? माझी जन्मतारीख तर एक जून हाय.

इस्माईल : मास्तरांनी अख्ख्या वर्गाला एक जून दिलेला. कुणाच्या आईबापांना तारीख सांगता येत न्हवती. तुझा बाप म्हणाला, पावसाळ्यात झाली. मास्तर म्हणाले, पावसाळा जूनमधी लागतो.

गौहर : मधी बोलू नका. तर ती झोपली, मी दाराला टेकून बसले. आन् लांबनं ऐकू आलं, धडाम धडाम! हे येतायत, ढोल घेऊन! अठ्ठावीस वर्षांचे व्हते, अंगात जोर व्हता, हौदाच्या दगडाला हादरा बसंल असा ढोल. मी पळाले. डोक्यावर पदर न्हाय, पायात काय न्हाय, हात रगताचे तसेच. भर गल्लीत, मास्तर, पोरं, अख्खा गाव बघतोय, मी यांचा हात धरला.

इस्माईल : असा धरला की टिपरू खाली पडलं. मला वाटलं, घरी कुणी वारलं.

गौहर : मी म्हणलं, वाजवाल तर खबरदार. आत बाळंतीण झोपलीय.

इस्माईल : मास्तरांनी बघितलं, काय समजायचं ते समजले. पोरांकडं वळले आन् ओठावर बोट ठेवलं. कारण न्हाय सांगितलं. बाळंतपणाचं पोरांपुढं बोलायची रीत न्हवती तवा. नुसतं बोट. ऐंशी-नव्वद पोरं व्हती त्या साली. बारकी पोरं तर श्वास बी जपून घेत चालली. एकाच्या पायातली वहाण फटफट वाजत व्हती, ती त्यानं काढून काखेत मारली. लिंबापाशी गेल्यावर मास्तरांनी मान हलवली, मग मी वाजवला.

नकोशी : आन् माझी आजी? ती घरात न्हवती?

गौहर : व्हती की. चुलीपाशी बसली व्हती. मी परत आत गेले तर म्हणते, पाचवी पोरगीच झाली, वाजू द्यायचा व्हता ढोल, कुणाची झोप मोडत व्हती? तुझा बाप मेंढरं घेऊन माळावर. दुपारी आला. तोवर तिनं नाव ठेवून टाकलेलं.

नकोशी : पाणी द्या, चाची.

गौहर : घे. बस नीट. टेक भिंतीला.

नकोशी : मग... ते एकदाच झालं. पुढच्या साली का थांबला ढोल?

इस्माईल : ते पोरांनी केलं. देवाशपथ सांगतो, माझ्या ध्यानात बी न्हवतं. पंच्याहत्तर साली मी वाजवत वाजवत हौदापाशी आलो. बघतो तर पुढची चिमुरडी ओठांवर बोट ठेवून चाललीत. त्यांना वाटलं, फेरीचा नियमच हाय. हौद आला की गप्प. आता नव्वद पोरं गप्प चालली असताना मी एकट्यानं धोपटू का ढोल? थांबलो. बघतो तर दारात तुझी आई. तू कडेवर. वर्षाची. आईनं माझ्याकडं बघितलं आन् हात जोडले. तिला वाटलं, मी आठवण ठेवली.

गौहर : आन् यांनी बी मान हलवली, आठवण ठेवल्यासारखी.

इस्माईल : हलवली. मग काय करायचं? तिसऱ्या सालापासनं मात्र खरंच ध्यानात ठेवून थांबायला लागलो. दर साली ती दारात असायची. तू फेरीत चालायला लागंपर्यंत, ढोल थांबला की तुझ्या कानाला तोंड लावून कायतरी सांगायची. काय सांगायची, ते येवढ्या शांततेत बी मला कधी ऐकू आलं न्हाय.

नकोशी : मला बी आठवत न्हाय. दार आठवतं. तिचं लुगडं आठवतं.

गौहर : तू आठ वर्षांची व्हतीस ती गेली तवा.

नकोशी : चाचा.

इस्माईल : बोल.

नकोशी : तुमी दोघांनी पन्नास वर्षं हे पोटात ठेवलं?

इस्माईल : ठेवलं.

नकोशी : ती पोरं माझ्या मागं नको गं नको करत यायची तवा बी? सासरी चालले तवा मी इथनंच एसटीत बसले, चाचींनी ओटी भरली, तवा बी? नवरा गेल्यावर परत आले, आजीच्या भावकीनं म्हणलं की नावच तसं, ही जाईल तितं वाईटच होणार, तवा बी तुमाला बोलावंसं वाटलं न्हाय? एका शब्दानं? मी काय तुमच्याकडं खायला मागत व्हते का?

गौहर : रड. रड जरा. मी म्हणत व्हते यांना.

नकोशी : मी रडत न्हाय. मला राग आलाय, चाची.

इस्माईल : येऊ दे. बरोबर हाय तुझं. पर एक ऐकून घे, मग काय बोलायचं ते बोल. त्र्याऐंशी साली इंदापूरहून तपासणीला साहेब आलते, फेरीबरोबर चालले. तुझी आई जाऊन वर्ष झालेलं. त्या साली दारात कुणी न्हवतं. मास्तर बी बदलून नवे आलते. हौदापाशी पोरं गप्प झाली तसं साहेबांनी इचारलं, हे काय? नव्या मास्तरांना ठाव न्हाय, पर साहेबांपुढं न्हाय कसं म्हणायचं? ते म्हणाले, हुतात्म्यांना मौन मानवंदना, साहेब. साहेबांनी टोपी काढली. मग माझ्याकडं बघून म्हणाले, कधीपासून चालतं हे? मास्तर घामाघूम. मी तोंड उघडलं. जिभेवर आलं व्हतं, साहेब, ती तिसऱ्या रांगेत शेंबडी पोरगी दिसतीय ना, तिच्यासाठी.

नकोशी : मग?

इस्माईल : मग मी तुझ्याकडं बघितलं. तू ओठावर बोट ठेवून बारकी बारकी पावलं टाकत व्हतीस. तू आत्ता सांगितलंस तसं, अगदी तसंच. मागची पोरं गप्प व्हती. मी इचार केला, आज खरं सांगितलं तर साहेब हसतील. एका पोरीच्या झोपेसाठी सरकारी फेरी थांबते? पुढच्या साली ढोल वाजवायचा हुकूम निघंल. आन् तुझी आजी तर पयली पुढं असती. तुझ्या नावावर गावानं एक दिवस बी थांबवला नसता ढोल. हुतात्म्यांच्या नावावर थांबायला कुणाची ना न्हाय. म्हणून म्हणलं, व्हय साहेब, लई जुनी रीत हाय. तेवढं एक खोटं बोललो, आन् ते खोटं न् ही शांतता दोन्ही जगवली. कारगिलच्या साली आपल्या गावचा फौजी अजित सुट्टीवर आलता, हौदापाशी टाचा जुळवून उभा ऱ्हायला, डोळ्यातनं पाणी. त्याला काय सांगू? जितकी वर्षं गेली तितकं सांगणं अवघड होत गेलं.

गौहर : कोरोनाचं सांगा.

इस्माईल : ते काय सांगायचं.

गौहर : मग मी सांगते. शाळा बंद, फेरी बंद. हे म्हातारे तोंडाला फडकं बांधून एकटेच ढोल घेऊन निघाले. मागनं पोलीस पाटील वरडतोय, चाचा घरी जा. कुणी न्हाय गल्लीत, कुत्रं बी न्हाय. हौदापाशी गेले आन् ढोल थांबवला. चाळीस पावलं गप्प चालले. लिंबापाशी परत वाजवला.

नकोशी : मी बघितलं ते. खिडकीतनं. मला वाटलं, चाचांना भ्रम झाला. पोरं न्हाईत, घोषणा न्हाईत, मग गप्प कुणासाठी ऱ्हायचं.

इस्माईल : आता सांगितलं, कुणासाठी.

नकोशी : माझ्यासाठी.

इस्माईल : तुझ्यासाठी.

गौहर : आता घे पाणी. आन् तो पदर सोड तोंडातनं, रडायचं तर मोकळी रड, गिऱ्हाईक आलं तर मी परत पाठवीन.

नकोशी : एक्कावन्न वर्षं, चाची... एक्कावन्न वर्षं गाव माझ्या दारावरनं पाय न वाजवता गेलं. आन् मी काय समजत व्हते? मी समजत व्हते, माझा जन्मच कुणाला नको व्हता.

गौहर : एका म्हातारीला नको व्हता. ती बी अडाणी, दुःखानं करपलेली. बाकी दोन दिवस मी आन् दाई काय झक मारत व्हतो का तितं? तू रडलीस तवा दाईनं तुझा मुका घेतला. तुझी आई म्हणाली, जगली का? मी म्हणलं, जगली. तर हसली ती. तसल्या अवस्थेत हसली.

नकोशी : हसली?

गौहर : माझ्या डोळ्यानं बघितलंय.

इस्माईल : पोरी, आता मी तुझ्या शब्दाबाहेर न्हाय. म्हाळसा म्हण म्हणशील तर रातभर घोकून ठेवीन, जीभ घसरू देणार न्हाय. हौदाचं बी तू सांगशील तेच बाईंना सांगू. हुतात्मे ऱ्हाऊ दे म्हणलीस तर ऱ्हाऊ दे. लिवलेलं छापून गेलं की तेच खरं होणार, पुढं कुणी इचारायचं न्हाय.

नकोशी : तुमाला काय वाटतं, चाचा? लोक हसतील?

इस्माईल : आदी वाटायचं, हसतील. आता... मी गेल्या साली मोजली पोरं. तीनशे दहा. परप्रांतातनं कारखान्यावर कामाला आलेल्यांची पोरं बी हायेत आता शाळेत, त्यांना धड मराठी येत न्हाय. पर हौद आला की ओठांवर बोट. कुणी शिकवत न्हाय, एकमेकांचं बघून करत्यात. मला वाटतं, देश आपला असला की असंच असायला पायजे. एक बाई दमून झोपलीय म्हणल्यावर फेरीनं गप्प जायचं. यात हसण्यासारखं काय हाय? हे मला त्र्याऐंशी साली कळायला पायजे व्हतं. तवा मी साहेबाच्या टोपीला भ्यालो.

गौहर : ऐका! एवढं शहाणं बोलायला यांना एकोणऐंशी वर्षं लागली.

नकोशी : चाची, फोन वाजतोय माझा. त्या पिशवीत हाय. रव्याखाली.

गौहर : हे घे. स्वप्नालीबाईंचाच दिसतोय. उचलायचा न्हाय तर नको उचलूस. सांगीन मी, बरं न्हाय म्हणून.

नकोशी : द्या हिकडं. हॅलो... व्हय बाई, चाचांकडंच हाय... न्हाय, आवाजाला काय न्हाय झालं, पाणी पीत व्हते... व्हय, इचारलं हौदाचं. सांगितलं त्यांनी... न्हाय, हुतात्मे न्हाईत. म्हंजी त्यांना कोण न्हाय म्हणतंय, ज्यांना त्यांच्यासाठी गप्प ऱ्हायचंय त्यांनी ऱ्हावं. पर पयलं कारण दुसरं हाय... सांगते, लिवून घ्या. चौऱ्याहत्तर साली, पंधरा ऑगस्टच्या पहाटं तितल्या घरात एक मुलगी झाली. दोन दिवस बाळंतीण अडली व्हती. फेरी आली तवा नुकताच दोघींचा डोळा लागलेला. म्हणून गौहरचाचींनी ढोल थांबवला, मास्तरांनी पोरांना गप्प केलं, आन् पुढच्या साली पोरं आपल्या आपणच गप्प झाली... व्हय, येवढंच. येवढ्यासाठीच... खरं हाय, चाची समोर बसल्यात, साक्षीला.

गौहर : साक्षीला न्हाय म्हणावं. हात मीच धरला.

नकोशी : तेच सांगितलं, चाची... काय म्हणालात, बाई? चांगलं वाटतंय? छापायचं?... व्हय, छापा की. माझी कशाला ना असंल... कोण, ती मुलगी? व्हय, हाय. गावातच हाय... नाव?

इस्माईल : पोरी, न्हाय सांगितलंस तरी चालतं.

नकोशी : थांबा बाई, कागद घ्या समोर. उद्याच्या पुकाऱ्याचा बी घ्या. त्याच्यावर म्हाळसा लिवलंय, ते आदी खोडा. दोन्हीकडं एकच नाव येतंय.